साडूचा खांदा

माझ्या साडूबद्दल माझ्या मनात काहीही वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढचं ऐकून कुणाचाही तसा गैरसमज होण्याची शक्यता आहे. माणूस सज्जन आहे, निर्व्यसनी आहे, कुणाच्याही अडीअडचणीला धावून जातो. आणि नेमकी हीच माझी तक्रार आहे. माणसाने कुठेतरी कमी पडावं की नाही? चारचौघांचे साडू बघा. कुणाचा उधळ्या असतो, कुणाचा तापट, कुणाचा जेवताना मचमच आवाज करतो. घरातल्या दुसऱ्या जावयाला तेवढाच आधार. माझ्या नशिबी मात्र हा असा, ज्याची स्कूटर पहिल्या किकला सुरू होते आणि ज्याने वाचून घडी घातलेला पेपर आणखी एकदा विकता येईल.

त्यात तो आमच्या डोक्यावर बसलाय. हे मी रागाने म्हणत नाही. बायकोची थोरली बहीण आणि तिचा हा नवरा खरोखरच आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. आमचं छत ती त्यांची जमीन. इतर बाबतींतही साधारण असंच आहे. सासूबाई फोनवर आधी त्याची तब्येत विचारतात, मग माझी, आणि माझं उत्तर पुरं व्हायच्या आत फोन ठेवतात. मी अर्ध्या बाह्यांच्या बुशशर्टात घामाघूम होऊन जिना चढत असतो, तेव्हा हे गृहस्थ बारा महिने तेरा काळ पूर्ण बाह्यांच्या पांढऱ्या सुती शर्टात, इस्त्रीची घडी न मोडता उतरत असतात. वर पुन्हा गातातही.

हे सगळं मी गिळलं होतं. पण प्रकरण माझ्या मुलीपर्यंत आलं, तेव्हा मात्र माझा तोल गेला.

मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. तीनेक वर्षांची आहे आणि एका जागी ठरत नाही. तिची कातडी जन्मापासून नाजूक. कोरडी पडते, गालावर, कोपराच्या आणि गुडघ्याच्या खळग्यांत लाल चट्टे उठतात आणि मग पोर खाजवून खाजवून हैराण होते. डॉक्टर त्याला एक्झिमा म्हणतात, आम्ही नुसतं "पुन्हा उठलं" म्हणतो. तेवढ्यावरून घरातल्या सगळ्यांची तोंडं उतरतात.

आता आम्ही दोघंही नोकरीला जातो, म्हणून भिंगरी दिवसभर वर मावशीकडे असते. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की तिला खाली आणतो. जेवण झालं की ती माझ्या डाव्या खांद्यावर मान टाकते आणि मी दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत तिला झोपवतो. मला गाता येत नाही. मी ऑफिसात रजा विभागाचा हेडक्लार्क आहे, त्यामुळे मला चालीवर म्हणता येईल असं जे काही तोंडपाठ आहे तेच मी म्हणतो. "किरकोळ रजा, अर्जित रजा, वैद्यकीय रजा, अर्धपगारी रजा..." बिनपगारीपर्यंत ती कधी पोचत नाही. अर्धपगारीलाच झोपते. दिवसभर लोकांच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला ते खांद्यावरचं गरम ओझं काय वाटतं, हे मी शब्दांत सांगू शकणार नाही. माझ्या मालकीचं असं जगात तेवढंच आहे.

आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं, की भिंगरी वर असते तेव्हा खाजवत नाही. खाली आली की तासाभरात सुरू होते.

"आमच्याकडे दिवसभरात एकदासुद्धा गालाकडे हात नेला नाही हो तिने," साडू म्हणाला. तो हे अगदी काळजीने म्हणाला. मला त्याची काळजी सगळ्यात जास्त लागते.

"अहो, खेळण्याच्या नादात राहत असेल," मी म्हणालो.

"झोपेतसुद्धा नाही," तो म्हणाला. "दुपारी माझ्याच खांद्यावर झोपते ना, सुट्टीच्या दिवशी."

माझ्याच खांद्यावर! हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी बायकोकडे बघितलं. बायको शिंकली. तिचं नाक कायम चोंदलेलं असतं. धुळीने, थंडीने, पेपर उलटल्याने, कशानेही ती शिंकते. कठीण प्रसंगातून सुटायला ही मोठी सोय आहे. मला अशी सोय नाही.

त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं, तर मला रजा मिळेना. मी रजा विभागाचा हेडक्लार्क, आणि मलाच रजा मिळेना! कारण असं की मुलांच्या आजारपणासाठी रजा हवी असेल तर 'ताप किंवा दवाखान्यात भरती' यांपैकी एक कारण असलंच पाहिजे, असा नियम आहे. नियम मीच केलेला आहे. लोक पोरांच्या सर्दीवर रजा काढून सिनेमाला जातात म्हणून मी तो मोठ्या अभिमानाने मंजूर करून घेतला होता. मोठ्या साहेबांनी माझा अर्ज वाचला.

"कारण : खाज," ते मोठ्याने म्हणाले. सगळं ऑफिस वर बघायला लागलं. "ही नियमात कुठे बसते?"

"बसत नाही, साहेब."

"नियम कुणाचा?"

"माझा, साहेब."

"उत्तम नियम आहे," असं म्हणून त्यांनी अर्ज परत दिला.

शेवटी बायकोबरोबर कोण गेलं हे सांगायला नकोच. साडू गेला. स्कूटरवरून. आणि संध्याकाळी बायको हसत हसत सांगते काय, तर डॉक्टरीणबाईंनी साडूलाच मुलीचा बाप समजलं!

"मग तू सांगितलंस ना?"

"सांगणार होते हो, पण मला शिंक आली. आणि भावोजी इतके छान प्रश्न विचारत होते, की बाई त्यांच्याशीच बोलत बसल्या."

मग साडू खाली आला आणि त्याने डॉक्टरीणबाईंचा सगळा उपदेश आम्हाला समजावून सांगितला. आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडकीच. अंग टिपायचं, घासायचं नाही. कातडी जराशी ओलसर असतानाच घट्ट मलम भरपूर लावायचं, रोज, चट्टे असोत की नसोत. लाल जागांवर दुसरं औषधाचं मलम, सांगितलं तेवढंच. नखं कापलेली. कपडे सुती. धूळ कमी... इथपर्यंत मी ऐकलं. साडू बोलत असताना मी कधीच शेवटपर्यंत ऐकत नाही. हे माझं जुनं तत्त्व आहे आणि त्याच्यामुळेच आमचे संबंध चांगले राहिलेत. तो पुढे साबण, पावडर, वास असं काहीतरी बोलत होता, तेव्हा मी त्याच्या शर्टाच्या कॉलरकडे बघत होतो. एवढी पांढरी राहते कशी?

"आणि एक गोष्ट त्यांनी विचारली," साडू निघता निघता म्हणाला. "वर त्रास नाही आणि खाली होतो, तर खाली घरात असं काय आहे, जे वर नाही? ते शोधा म्हणाल्या."

हा प्रश्न माझ्या काळजात घुसला. घरात असं काय आहे! म्हणजे आमचं घर घाणेरडं आणि त्यांचं स्वच्छ, हाच त्याचा अर्थ. तो प्रश्न डॉक्टरीणबाईंचा होता, पण तोंड साडूचं होतं.

त्यातून बायको म्हणाली, "पुढच्या तपासणीपर्यंत भिंगरीला वरच झोपू दे. ताई म्हणतेय. पोरीला जरा आराम पडेल."

"वरच? कायमची दत्तक देऊन टाक ना."

"अहो, काहीतरीच काय. तिचा गाल बघा जरा."

मी बघितला. लालबुंद झाला होता, एका ठिकाणी खाजवून रक्त आलं होतं. पोरगी आपल्या बाहुल्या घेऊन वर गेली, आणि जाताना मला म्हणाली, "बाबा, काका गाणं म्हणणारेत." मग त्या संध्याकाळी मी छताखाली बसून गाणं ऐकलं. सुरात होतं. त्याचंच फार वाईट वाटलं.

त्याच वेळी मी प्रतिज्ञा केली, की तपासणीच्या आत हे घर असं करीन की धुळीचा कण औषधालाही सापडणार नाही, आणि पोरगी माझ्या खांद्यावर परत आणीन.

आमच्या मजल्यावर एक रिटायर्ड मास्तर राहतात. त्यांना सगळ्या विषयांतलं कळतं. ते म्हणाले, "आधी गालिचा काढा. मग पडदे. मग सोफा. गादीत तर डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतात, त्यांची आख्खी वसाहत! आणि हो, दूध, अंडी, गहू सगळं बंद करा."

"मग मुलगी खाणार काय?"

"ते डॉक्टर सांगतील," मास्तर म्हणाले.

समोरच्या मावशींनी दार अर्धंच उघडलं. "खरूज नाही ना हो? नाही, आमच्याकडे नातवंडं येतात."

"मावशी, एक्झिमा आहे. तो लागत नाही कुणाला."

"तसं नसेल, पण तुम्ही बेल कोपराने वाजवत जा. आणि ते डॉक्टरांचं मलम जपून बरं, त्याने मुलींना मिशा येतात म्हणे." मग जरा हवा हुंगून म्हणाल्या, "बाकी तुम्ही आलात की जिन्यातच कळतं हं!"

ही मी स्तुती समजलो, आणि त्याला कारण होतं. माझ्या वाढदिवसाला साडूने मला सेंटची एक बाटली दिली होती. भारी होती, परदेशी. देताना म्हणाला, "मला कुणीतरी भेट दिली होती. मला हे चालत नाही, तुम्हाला शोभेल." म्हणजे बघा! त्याला जे चालत नाही ते मला शोभणार. खरं तर तिथेच परत करायला हवी होती. पण मी वेगळाच विचार केला. भिंगरी साडूच्या शर्टात नाक खुपसून बसायची, ते मी पाहिलं होतं. म्हटलं, त्याचीच बाटली घेऊन त्यालाच मागे टाकू. तेव्हापासून मी सकाळी मानेवर आणि कॉलरवर सेंट लावत होतो, आणि संध्याकाळी जिन्यात, तिला घ्यायच्या आधी, पुन्हा एकदा. बाटली ऑफिसच्या पिशवीतच असायची. घरात कुणाला पत्ता नव्हता. बायकोचं नाक तर काय, असून नसल्यासारखं.

तर गालिचा गेला. पडदे गेले, आणि समोरच्या इमारतीतल्या लोकांना आमच्या घरात रस निर्माण झाला. एका गृहस्थांनी तर मला रस्त्यात थांबवून विचारलं, "सोफा कधी काढताय?"

गादीला ऊन द्यायचं म्हणून मी गच्चीची किल्ली मागायला सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. हा माणूस कोणत्याही गोष्टीला नाही म्हणत नाही, फक्त प्रश्न विचारतो.

"गच्चीवर कपडे वाळत घालायला परवानगी आहे," ते म्हणाले. "सामान ठेवायला मनाई आहे. गादी हा कपडा की सामान?"

"कापसाची आहे," मी म्हणालो.

"म्हणजे कपड्यात मोडते."

"हो ना!"

"पण तिच्यावर तुम्ही झोपता. कपड्यावर कुणी झोपत नाही. म्हणजे सामान." त्यांनी चष्मा पुसला. "हे मी एकटा ठरवू शकत नाही. कमिटीपुढे ठेवावं लागेल."

मी स्वतः रजा विभागात असल्यामुळे या माणसाबद्दल मला एकीकडे आदर वाटला. दुसरीकडे त्याला गादीत गुंडाळावंसं वाटलं. कमिटी ठरवेपर्यंत गादी निदान गच्चीच्या दारापर्यंत तरी नेऊन ठेवू, म्हणून मी आणि मास्तर ती जिन्यातून ढकलायला लागलो, आणि वळणावर ती अडकली. धड वर जाईना, धड खाली येईना. मास्तर खालच्या बाजूला सुटे होते, ते चहा प्यायला निघून गेले. मी वरच्या बाजूला, भिंत आणि गादी यांच्यामध्ये. खालून मावशींचा आवाज आला, "कोण आहे हो तिकडे?" आणि मग त्याच म्हणाल्या, "असू दे, कळलं वासावरून."

इतक्यात वरून पावलं वाजली. पांढरा शर्ट. साडूने घड्याळ काढून खिशात ठेवलं, गादीकडे क्षणभर बघितलं आणि म्हणाला, "जरा तिरकी करा की." गादी तिरकी झाली आणि एखादी शहाणी मुलगी उठून जावी तशी वर निघून गेली. शर्टाला एक चुणी नाही! आणि तेवढ्यात त्याच्या मागून भिंगरीचा आवाज, "काकांनी बाबांना काढलं!" धरणीमाता दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं. पण तिथेही मधे गादीच आली असती.

व्हॅक्यूम क्लीनरचं मी थोडक्यात सांगतो. तो मी ऑफिसच्या स्टोअरमधून सह्या करून आणला. त्याला दोन तोंडं असतात. एक हवा ओढतं, एक सोडतं. नळी मी भलत्या तोंडाला लावली. आमच्या घरात इतकी वर्षं कपाटाखाली, पंख्यावर, पुस्तकांमागे जी धूळ सुखाने नांदत होती ती सगळी एकाच वेळी बाहेर पडली. बायको शिंकत शिंकत गॅलरीत गेली आणि तिथूनच म्हणाली, "अहो, आक्छी, कुणाला तरी विचारून, आक्छी, करत जा." कुणाला म्हणजे कुणाला, ते मला कळलं. मी विचारलं नाही.

राहता राहिला हत्ती. भिंगरीचा कापडी हत्ती, एक कान चावलेला. मास्तर म्हणाले, पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा, थंडीने किडे मरतात, मग धुवा. हे मात्र त्यांचं खरं निघालं, असं पुढे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बारा सल्ल्यांत एखादा लागतोच. मी हत्ती फ्रीझरमध्ये ठेवला, आणि नेमकी त्याच संध्याकाळी भिंगरी पाच मिनिटं मला भेटायला खाली आली.

"हत्ती कुठाय?"

"फ्रीजमध्ये."

"का?"

"त्याच्यामुळे तुला खाज येते ना, म्हणून."

तिने फ्रीजकडे बघितलं. "त्याला माहीत नव्हतं," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मी तिला उचलून घेतलं, खांद्यावर घेतलं, थोपटलं. हल्ली ती एवढीशीच मिळायची, म्हणून त्या दिवशी मी जिन्यात सेंटचा जास्तीचा फवारा मारून ठेवला होता. ती शांत झाली. आणि मग तिचा हात हळूच गालाकडे गेला, खर्र खर्र.

घरात गालिचा नाही, पडदा नाही, गादी नाही, सोफ्याच्या जागी चार खुर्च्या. बोललं तर आवाज घुमतो. आणि पोरगी खाजवतेच आहे. बायकोने भिंगरीला माझ्याकडून घेतलं आणि वर नेऊन सोडलं. मी रिकाम्या दिवाणखान्यात एकटाच येरझाऱ्या घालत "किरकोळ रजा, अर्जित रजा" म्हणून बघितलं. बिनपगारीपर्यंत सरळ म्हणून झालं. कुणी झोपलं नाही.

तपासणीच्या दिवशी मी माझ्याच नियमात बसेल अशी बिनपगारी रजा टाकली आणि स्वतः गेलो. साडूही आला. म्हणे, मागचं सगळं त्याला माहीत आहे. मी ठरवलं होतं की या वेळी बाप कोण याबद्दल डॉक्टरीणबाईंच्या मनात तिळमात्र शंका राहू द्यायची नाही. नवा शर्ट घातला, भांग नीट पाडला, आणि दवाखान्याच्या जिन्यात बाटली जवळजवळ रिकामी केली.

बाईंनी दार उघडताच साडूकडे बघून हसून म्हटलं, "या बाबा, कशी आहे लेक?"

"बाबा मी आहे," मी पुढे होऊन म्हणालो. भिंगरी माझ्या खांद्यावरच होती, डाव्या.

बाई दोन पावलं मागे सरकल्या. "अच्छा!" म्हणाल्या, आणि जाऊन खिडकी उघडली. मग त्यांनी भिंगरीची मान इकडे वळवली, तिकडे वळवली. "खाणं वगैरे नीट ना?"

"मास्तर म्हणाले होते दूध, अंडी, गहू बंद करा..."

"कोण मास्तर? लहान मुलांचं खाणं असं मनाने तोडायचं नाही. वाढीचं वय आहे. खाण्याची शंका आली तर मला सांगा, मी बघेन." त्यांनी चष्मा वर केला. "कोपरं, गुडघे छान आहेत. मलम नीट लावलंय कुणीतरी. पण हा डावा गाल बघा. आणि मानेची डावी बाजू. उजवीकडे जवळजवळ काही नाही. गंमतच आहे. झोपते कशी ही?"

"माझ्या खांद्यावर," मी छाती पुढे काढून म्हणालो. "रोज. म्हणजे रोज झोपायची. डाव्या."

"आणि तुम्ही सेंट कुठे लावता?"

माझा हात आपोआप मानेकडे गेला. डावीकडे.

बायकोने नाक ओढून बघितलं, आणि त्या उघड्या खिडकीच्या वाऱ्यात तिच्या नाकाला बहुधा प्रथमच माझा पत्ता लागला. "अहो, हे काय?" ती म्हणाली.

"मी गेल्या वेळी विचारलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरात असं काय आहे, जे वर नाही. सापडलं का?"

"सापडलं," मी म्हणालो. "मी."

हसू नका. गालिचा काढला, पडदे काढले, हत्तीला बर्फात घातलं, आणि जिच्यासाठी हे सगळं केलं तिचा गाल मीच रोज संध्याकाळी जाळत होतो. तेही प्रेमाने, दोन फवारे जास्त मारून. भिंगरीने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मग बाबांना फ्रीजमध्ये ठेवायचं?"

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. "नको गं. नुसते धुतले तरी चालतील." मग मला म्हणाल्या, "कातडी मुळातच नाजूक असते या मुलांची. तुमची बायको शिंकते तेही त्याच घराण्यातलं. हे एका दिवसात जाणार नाही, सांभाळत राहावं लागेल. पण वास टाळा, निम्मा त्रास कमी होईल. आणि मलम बाबांनी लावायला शिका."

"मी शिकवतो त्यांना," साडू म्हणाला.

मी त्याच्याकडे वळलो. मला कुणावर तरी रागवायचंच होतं. "बाटली तुम्हीच दिलीत ना मला!"

"अहो, म्हणून तर दिली," तो ओशाळून म्हणाला. "मला चालत नाही, म्हटलं होतं ना. मला लहानपणापासून हेच आहे. वास लावला की अंगभर उठतं." आणि त्याने शर्टाची बाही वर केली. इतक्या वर्षांत मी त्याचं कोपर पहिल्यांदाच बघत होतो. आतल्या बाजूला जाड, काळपट, खडबडीत चट्टा. ज्या पूर्ण बाह्यांना मी रुबाब समजत होतो, त्यांच्या आत हे होतं. सुती कापड, बिनवासाचा साबण, झाडून घेतलेलं घर, मलम लावायचा हात, सगळं त्या चट्ट्याने शिकवलेलं. "शाळेत पोरं बाकावर शेजारी बसायची नाहीत," तो म्हणाला, "म्हणून हिची जास्त काळजी वाटते."

मला खूप काही वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण पहिल्यांदा जे मनात आलं ते सांगतो, खोटं कशाला बोलू. मनात आलं, च्यायला, खाजसुद्धा ह्याचीच आधी!

घरी येऊन मी माझे सगळे शर्ट बिनवासाच्या पावडरीत दोनदा धुतले. उरलेली बाटली सेक्रेटरींना भेट म्हणून दिली आणि दुसऱ्या दिवशी गादी कपड्यात मोडली. मलम लावायला साडूकडून शिकलो. हे सांगताना अजूनही जीभ जड होते, पण शिकलो. चोळायचं नाही, वरून खाली हलकेच पसरत न्यायचं, कातडीवर लव जशी वळलेली असते त्या दिशेने. मी पहिल्यांदा लावलं तेव्हा साडू म्हणाला, "वा, हात हलका आहे तुमचा." मला त्याचा पुन्हा राग आला, पण जरा कमी.

गाल उतरत गेला. लाली गेली, खपली पडली, खाली नवी कातडी आली. मग एका संध्याकाळी भिंगरी आपल्या बाहुल्या आणि धुतलेला हत्ती घेऊन जिना उतरून आली. आंघोळ झाली, टिपून झालं, मलम झालं. मी हात पुढे केले. ती आली, पण मान टाकायच्या आधी तिने माझ्या मानेपाशी नाक नेऊन नीट हुंगलं.

"काय गं? वास येतोय का?"

"हो."

"कसला?"

"बाबांचा," ती म्हणाली, आणि मान टाकली.

मी येरझाऱ्या घालायला लागलो. किरकोळ रजा. अर्जित रजा. वैद्यकीय रजा. अर्धपगारीला तिचा हात सैल पडला आणि हत्ती खाली पडला. मी उचलला नाही. वाकलो असतो तर ती जागी झाली असती.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. साडू होता. हातात मलमाची ट्यूब. "वर राहिली होती," म्हणाला, आणि ती दाराजवळच्या खुर्चीवर ठेवली. मग माझ्या खांद्याकडे बघून हळूच, "झोपली?"

"झोपली," मी कुजबुजलो.

तो तिथेच उभा राहिला. त्याचा स्वतःचा मुलगा आता उंचीला त्याच्या बरोबरीचा झालाय, जवळ घेऊ देत नाही, हे मला माहीत होतं. "वर आज जरा शांत शांत वाटतंय," तो म्हणाला. मग वाकून त्याने हत्ती उचलला, झटकला आणि माझ्या काखेत नीट खोचून दिला. दोन्ही हात रिकामे झाल्यावर त्यांचं काय करावं हे त्याला कळेना, तेव्हा त्याने ते पाठीमागे बांधले. एवढ्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच कुठेतरी कमी पडताना बघत होतो.

"उद्या दुपारी न्या तिला वर," मी म्हणालो. "सुट्टी आहे ना तुम्हाला?"

"हो, हो. नेतो की," तो घाईघाईने म्हणाला. "आणि संध्याकाळी..."

"संध्याकाळी नाही," मी म्हणालो.